चिमणीला हार

"चिमणी बंद होणार नाही!" गाड्यांच्या कारखान्याच्या मालकीण वृंदाताईंनी बैठकीत टेबलावर हात आपटला. कंपनीचा थोरला ब्रँड धडाधड खपत होता. धाकटी ‘चिमणी’ गाडी मात्र शोरूममध्ये धूळ खात पडली होती.

"अहो, तुम्ही सगळे तिच्यावरच गाडी शिकलात ना?"

मग आठवणी निघाल्या. कुणाची नवरी चिमणीतून घरी आली होती, कुणी तिला ढकलत घाट चढला होता. वृंदाताईंना वडिलांच्या मांडीवर बसून धरलेलं स्टिअरिंग आठवलं.

"आज चिमणीतून कोण आलंय?" त्यांच्या भाच्यानं हळूच विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

"गेटपाशी ठेवलेल्या पहिल्या चिमणीला मी दर दसऱ्याला हार घालते," वृंदाताई म्हणाल्या.

"आजोबांच्या फोटोलाही घालतेस, आत्या."

वृंदाताईंनी पेन उचललं. "बंद करायच्या ठरावावर सही करते. पण आधी गेटपाशच्या त्या पहिलीची किल्ली आणा. आज मी चिमणीतूनच घरी जाणार."