ऋताची सही

नागपूरचं तिकीट अजून कसं आलं नाही हे बघायला ऋता तिच्या बँकेशेजारच्या सायबर कॅफेत शिरली. तिने खातं उघडलं. तिकिटाचे पैसे चार दिवसांपूर्वीच परत आले होते. समोर स्पष्ट लिहिलेलं होतं : रद्द.

गाडी उद्याची होती. सोमवारी नागपूरला तिची मुलाखत होती, क्लार्कची ऑफिसर होण्यासाठी. इंटरनेटवर काढलेलं तिकीट तेव्हा कुरिअरने घरी यायचं आणि रद्द करायला तेच खिडकीवर द्यावं लागायचं. म्हणजे ते घरी आलं होतं.

शनिवार असल्यामुळे बँक अर्धाच दिवस होती. ती तडक शिवाजी पार्कला घरी आली. सासरे बाल्कनीत पेपर वाचत बसले होते.

"अप्पा, माझं कुरिअर आलं होतं?"

"मागच्या शनिवारी. सोमवारी जाऊन रद्द करून आलो. दादरला दीड तास रांगेत उभा होतो." जणू तिचंच काम करून आले होते.

"का?"

"ऑफिसर झालीस की बदली. स्पृहा तिसरीत आहे. मला तीनदा बढती देत होते, तीनदा नाही म्हणालो. घरासाठीच ना?"

"ते तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

"ध्रुवला विचारलं. तो म्हणाला, बघा तुम्ही."

"तू जा, स्पृहाचं मी बघतो," असं तिचा नवरा, हाच ध्रुव, तिला रोज सांगत होता. कालसुद्धा.

तीही अप्पांसारखी बँकेतलीच. एक गोष्ट तिला टोचली. "रद्द करायच्या फॉर्मवर सही लागते. कुणी केली?"

अप्पांनी पेपरची घडी घातली. "तुझीच केली. काउंटरवरच्या माणसाने मान वरसुद्धा केली नाही."

अप्पांची शेवटची बारा वर्षं चेकवरच्या सह्या तपासण्यात गेली होती. सहीचा एक फाटा चुकला, तर "जुळत नाही" म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्याचा चेक परत पाठवला होता. घरात कोणी नवीन आलं की ही गोष्ट व्हायचीच. लग्न ठरवायला ऋताचे वडील आले, तेव्हाही झाली होती.

तिला ओरडायचं होतं. ती आत गेली, स्पृहाची वही आणि पेन घेऊन आली आणि अप्पांच्या मांडीवर ठेवलं.

"करा."

"काय?"

"माझी सही. आता माझ्यासमोर करा."

"ऋता, बस जरा. चहा टाक, आपण बोलू."

"करा, अप्पा."

त्यांनी पेन उचललं. ती थांबली नाही. कपाटावरची बॅग काढली, दोन साड्या, मुलाखतीचं पत्र आणि फाइल कोंबली. संध्याकाळी दादरहून नागपूरची बस सुटायची. खाली राहणाऱ्या नलूताईंना तिने फोन केला, "क्लासमधून आल्यावर स्पृहाला तुमच्याकडे बसवा, ध्रुव येईल न्यायला. मी दोन दिवस नाही."

चपला घालताना तिने बाल्कनीकडे पाहिलं. अप्पा तसेच बसले होते.

"ध्रुवला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

ती परत आत आली. वाकून वही बघितली. पानावर एकच अक्षर उमटलं होतं, थरथरलेला ऋ.

"जुळत नाही," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.