जीपची थरथर

चंदगडच्या डोंगरवस्त्यांवरून आजाऱ्यांना दवाखान्यात पोहोचवणारे उदयसिंह आपली जुनी जीप घेऊन कोल्हापुरात लालासाब मिस्त्रींकडे आले. स्टिअरिंग महिनाभर थरथरत होतं. लेक पूर्णिमा म्हणायची, “आबा, गाडी न्हाय, तुमचं हात थरथरत्यात. आता चालवू नका.” मिस्त्री जीपखाली शिरले. चारी चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या गिअरबॉक्समधलं तेल काढलं, तर त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. “बेरिंग झिजल्यात, पावणं. थरथर गाडीचीच हाय.” उदयसिंह मोठ्यानं हसले. मिस्त्रींनी चहा पुढं केला. कप हातात घेताच निम्मा चहा शर्टावर सांडला. मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं त्यांना दिलं. मग म्हणाले, “गाडी मी करतो नीट. तुमी हात डॉक्टरला दावून या.” उदयसिंहांनी फोन त्यांच्यापुढं धरला. “पूर्णिमाला लावून द्या तेवढा. महिना झाला, माझ्यानं बटनं दाबवत न्हाईत.”