कुंकू लावलेली सीडी

सीडीच्या कडेपासून चार मिलिमीटरवर वाळलेल्या कुंकवाचा ठिपका होता. पुण्याला जाताना राजेश्रीच्या दादाने जुन्या गेमची ही नमुना सीडी बर्न केली होती. वर लिहिलं होतं, 'बर्न फुल स्पीडनेच करायचं'. वडिलांनी, अण्णांनी, ती परभणीच्या आपल्या गेमच्या दुकानात खिळ्याला टांगून दर दसऱ्याला पुजली. चालवून कधीच पाहिली नाही. फुल स्पीडने केलेल्या सीडी जुन्या कन्सोलवर अडकायच्या, म्हणून राजेश्री सहा वर्षं गुपचूप कमी वेगाने पुन्हा बर्न करायची. आज पिंगळी गावच्या गिऱ्हाइकाचा गेम दुकानातल्या कन्सोलवर झटक्यात सुरू झाला. "पोरगा पुण्यात, डोकं इथं चालायलंय त्याचं," अण्णा म्हणाले. "दुकान त्याच्याच नावावर करणार." तिने खिळ्यावरची सीडी काढली, खालून पुसली, त्याच कन्सोलमध्ये घातली. पडदा काळाच राहिला. "ही दादाची, अण्णा. चालली ती माझी. दुकान माझ्या नावावर करा."