साडेसहाशे पुरेल

"साडेसहाशे पुरेल," दिपक म्हणाला. म्हणताना त्याने सिदूकडे बघितलं नाही.

नवी पेठेतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी होती. एकात साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय, दुसऱ्यात हजार वॅटचा. पलीकडे सिदूचं ग्राफिक्स कार्ड, विटेएवढं जाड. आठ वर्षांच्या नोकरीत दिपकने असलं कार्ड दुसऱ्यासाठीसुद्धा कधी हातात धरलं नव्हतं.

"रविवारी गेमची फायनल हाय," सिदू म्हणाला. "लाखभर माणूस बघणार म्हणत्यात."

"पुरेल म्हणतो ना."

"मग विषयच संपला की. लाव."

लाखभर माणूस! वळसंगच्या ह्या पोराला माउस कसा धरायचा ते दिपकने शिकवलं होतं, स्वतःच्या घरी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर. तेव्हा दहातले नऊ डाव दिपकचे असायचे. आता हा खेळतो आणि जग बघतं, आणि आपण लोकांच्या मशीनचे स्क्रू आवळतो. सकाळी सिदूचा फोन आल्यापासून दिपक हेच मनात घोळवत होता.

साडेसहाशेवर मशीन सुरू होणार, यात शंका नव्हती. दिवे लागतील, गाणं वाजेल. पण खेळ रंगात आला आणि कार्डाने जास्त वीज ओढली की खट्ट, सगळा पडदा काळा. कीर्तनात लोक बुवांकडे बघतात, मृदंगाकडे कोण बघतं? पण ऐन रंगात मृदंगच थांबला तर बुवांनी उघडलेल्या तोंडाचं करायचं काय? रविवारी तसंच होणार होतं. सप्लायकडे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं. सगळे सिदूकडेच बघणार होते.

मशीन अर्धा तास पुऱ्या ताणावर चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, ही दुकानाची रीत. आज मालक लग्नाला गेले होते. दिपकने ती रीत मनातल्या मनात पुसून टाकली, सप्लाय बसवला, वायरी ओढून नीट बांधल्या आणि म्हणाला, "झालं."

इतका वेळ स्टुलावर बसलेली सिदूची आई, फुलाबाई, उठली. कमरेची पिशवी सोडून तिने चिमूटभर भंडारा काढला.

"बिरोबाचा हाय. ह्याला लावते. दिपक, लेकरा, ह्यात जीव कुटं असतो?"

"हितं, आये." सिदूने कार्डावर बोट ठेवलं. "सगळ्यात म्हाग हेच."

"तुला न्हाय इचारलं. मास्तरला इचारलं."

दिपकला हसू आलं नाही. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण मशीन कसं चालतं ते कुणी विचारलं की तोंडातून खरंच निघायचं, अशी सवय पडली होती.

"हा खालचा डबा, मावशी. सगळ्यांना वीज हाच पुरवतो. हा दमला की बाकीचं सगळं मेलं."

"म्हंजे घरातल्या बाईवानी." फुलाबाई खाली वाकली.

"पंख्यात जाऊ देऊ नका."

"न्हाय जाऊ देत." तिने डब्याच्या कडेला बोटभर भंडारा ओढला, डोकं टेकवलं आणि माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलली. "माज्या लेकाला लोकांत उगडं पाडू नगंस, बाबा. दिपकनं निवडलंय तुला. त्याचं तरी नाव राख."

मग ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली आणि पदराने कपाळ पुसू लागली.

सिदू मशीन उचलायला पुढे झाला.

"थांब," दिपक म्हणाला.

त्याने कात्री घेतली. बांधलेल्या वायरींची एक गाठ कापली, मग दुसरी. मग तो भराभर कापतच सुटला. स्क्रू काढले. भंडारा लावलेला डबा बाहेर ओढला आणि हजारचं खोकं फोडलं.

"आरं, लावलेला का काडतो?" फुलाबाई घाबरली. "माजं काय चुकलं व्हय?"

"तुमचं नाही, मावशी. हिशेब माझाच चुकला. ह्याला झेपणार नाही."

"बघ बया. बरं ध्यानात आलं."

दिपकने नवा सप्लाय आत सरकवला आणि स्क्रू हातात घेतला. सिदू शेजारी उकिडवा बसला. मोबाईलची बॅटरी लावून त्याने उजेड आत धरला. दिपक हळू आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. मगाशी नीट बघितलं नाही."

"असू दे."

"तुला कळलं नसतं. रविवारी..."

"कार्डाच्या खोक्यावर लिवलंय की," सिदू तितक्याच हळू म्हणाला. "कमीत कमी हजार वॅट. ठळक अक्षरात."

दिपकच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"मग बोलला का नाहीस?"

"आईम्होरं तुला काय बोलू? उद्या एकटाच येऊन गपचीप बदलून न्हेला असता." सिदूने पडलेला स्क्रू शोधून त्याच्या तळहातावर ठेवला. "तुला इचारल्याबिगर काय घ्यायचं न्हाय, एवडंच ठरवलंतं."

"काय कुजबुजताय रं?" फुलाबाईने स्टुलावरून विचारलं.

"काय न्हाय, आये. जुनं डाव आटवतोय."

दिपकने स्क्रू भोकावर टेकवला. तो बसेना. त्याने पुन्हा टेकवला.

"उजेड जरा बाजूला धर की," तो म्हणाला. "डोळ्यांत जातोय."

उजेड खाली, नेमका स्क्रूवर पडला होता.