बंद इंजिन

चंद्रभाननं रुख्मिणीला केसांना धरून जीनच्या शेडबाहेर फरफटत आणलं. धुळीत टाकलं आणि तिच्या थोबाडीत मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ती ओरडली नाही. तिनं हातही वर केला नाही. डोकं नुसतं इकडून तिकडं कलत होतं.

फाटकापाशी बाया उभ्या होत्या. पुढं तिची सासू सुभद्रा. "माह्या सुनेले मारून राहिला हा," ती म्हणाली आणि शेजारच्या बैलबंडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, तिनं उपसली. पहिला तडाखा चंद्रभानच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. जेवायला बसलेले, सरकी काढायच्या जीनमधले गडीही भाकर टाकून त्याच्यावर धावले. चंद्रभान त्यांचाच सोबती, पण त्यांच्याही घरच्या चुली यंदा थंड होत्या.

राग आजचा नव्हता. अकोटला कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बायांनी उपटायची आणि बायांनीच घरी न्यायची. वर्षभराचं जळण तेच. एकोणीसशे अठ्ठावन्न साली जीनमालक भगवंतरावांनी अमरावतीहून मोरोपंत इंजिनियर आणले. पऱ्हाटी टाकीत कोंडून जाळायची, तिचा वायू इंजिनला पाजायचा, जीन चालवायचं, वर गावात दिवे लावायचे. मोरोपंतांनी खर्चाचा तक्ता केला. डिझेलच्या निम्म्यात वीज पडत होती. पऱ्हाटीच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं होतं, कारण ती कोणी विकत नव्हतं. मग शिवारभरची पऱ्हाटी शेडमध्ये आली आणि बाया काटक्या शोधत फिरू लागल्या.

दुपारी इंजिन थांबलं की त्या पऱ्हाटी चोरायला शेडमध्ये शिरत. इंजिन चालवणारा चंद्रभान. मागच्याच आठवड्यात त्यानं फाटकावर येऊन सांगितलं होतं, "इंजिन चालू असलं तं या एक डाव, मी पाहत नाही. बंद असलं तं आत पाय ठेवू नका. चालू असतानी ते सारं ओढून घेते. बंद झालं का बाहेर सोडते."

"काय सोडते?"

"विषारी हवा. दिसत नाही ते."

"मालकाचं कुत्रं आत असतानी या म्हणते चोरी कराले," सुभद्रा म्हणाली होती. बाया पोट धरून हसल्या होत्या. शेडमध्ये वास तर त्यांच्या चुलीचाच येत होता.

उभारी पुन्हा उठली. चंद्रभानच्या मनगटाचं हाड मोडलं, ते सगळ्यांनी ऐकलं. तो गुडघ्यांवर आला. "तिले वाऱ्यावर राहू द्या," तो म्हणाला. कोणीतरी त्याच्या तोंडावर लाथ मारली. दोन दात मातीत पडले.

रुख्मिणीला मोठी ओकारी झाली. तिनं डोळे उघडले, सासूला पाहिलं.

"माही बकरी कोठी हाये? माह्या मागं आत आली होती."

हात थांबले. सुभद्रा शेडपाशी गेली. टाकीजवळ पऱ्हाटीच्या ढिगावर बकरी आडवी पडली होती, पोट हलत नव्हतं. बोंडाचं टरफल तोंडात तसंच होतं. सुभद्रानं दारातूनच दावं धरून तिला उन्हात ओढलं. उभारी खाली ठेवली आणि बकरीच्या अंगावरून हात फिरवला, पाठीवरून, पोटावरून, मानेवरून.

एकही वळ नव्हता.