हिरवी सायकल

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बापू उपाध्येंनी डॉक्टर घोरपड्यांच्या डोळ्यावरची पट्टी हलक्या हाताने तपासली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मिरजेच्या होस्टेलवर दोघं एकाच खोलीत राहायचे. बापूंनी डोळ्यांची शाखा निवडली, तेव्हा "सर्जन कसला, दहा ते पाचचा कारकून होणार हा," असं घोरपडे सगळ्यांसमोर म्हणाले होते.

स्वतः घोरपडे हृदयाचे सर्जन झाले. त्यांच्या हातून शेकडो माणसं वाचली, पण दिवाळीचा फराळ कधी घरच्यांबरोबर बसून झाला नाही. बापू मात्र पाचला घरी यायचे आणि आपल्या मुलांबरोबर शेजारीच राहणाऱ्या घोरपड्यांच्या लेकीला, केतकीलाही मैदानावर न्यायचे.

"केतकी तिच्या लेकीला सायकल शिकवतेय," घोरपडे म्हणाले. "काल फोनवर सांगत होती, बापूकाकांनी मला शिकवली तश्शीच शिकवतेय म्हणून. कोणती रे ती सायकल?"

"हिरवी. तूच तर आणली होतीस."

"आणली असेन. तिला चालवताना कधी पाहिलं नाही. पहिल्यांदा पडली तेव्हा रडली का रे?"

"छे. उठली, फ्रॉक झटकला आणि मला बजावलं, 'काका, हे बाबांना मीच सांगणार.'"

"मला तर कधी बोलली नाही."

"तू घरी यायचास तेव्हा ती झोपलेली असायची."

बाहेर पेशंट खोळंबले होते, पण बापूंनी स्टूल जवळ ओढलं, मित्राचा हात हातात घेतला आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.