निनादच्या मापाची गाडी

घाटात निनादने छाती धरून गाडी कशीबशी कडेला थांबवली आणि त्याची मान कलली. शर्वरीने नवऱ्याला शेजारच्या सीटवर ओढलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसली. गाडी सुरूच होईना.

“ही सीट कंप्युटरने निनाद यांच्याच शरीरावर बेतली आहे. इतरांना धोका आहे,” गाडी म्हणाली.

गाडी घेताना निनादची मापं दिली, तेव्हा सासूबाई शर्वरीला म्हणाल्या होत्या, “तुझी कशाला? चालवणार तोच ना!”

शर्वरीने जिवाच्या आकांताने त्याला परत चालकाच्या सीटवर खेचलं आणि त्याच्या मांडीवर बसली. सीटने त्याची पाठ, त्याचे ठोके ओळखले. गाडी निघाली.

“आलंच हं हॉस्पिटल. ऐकतोयस ना?”

हॉस्पिटलची पाटी दिसली आणि गाडी आपोआप थांबली.

“चालकाच्या सीटवर निनाद नाहीत,” गाडी म्हणाली.

शर्वरीच्या पाठीला टेकलेली त्याची छाती अजून उबदार होती.